शेंडा लावला, महिन्यात सडला: काळ्या मातीच्या गावात अननस कसा जगवायचा

श्रावणात हातगाडीवर अननस आले की आमच्या घरी एक तरी येतोच. मीठ-तिखट लावलेल्या फोडी संपतात आणि हिरवागार शेंडा हातात उरतो. तो टाकवत नाही. मग घरामागच्या सांदवाडीत न्हाणीजवळ, जिथे कायम ओल असते तिथे खड्डा करायचा, दोन मुठी शेणखत घालायचं, शेंडा खोचायचा आणि वरून तांब्याभर पाणी. पंधरा-वीस दिवस तो अगदी टवटवीत दिसतो, जीव लागतो. महिन्याने सहज पान धरून हलवावं तर अख्खा शेंडा अलगद हातात येतो. मूळ एकही नाही, बूड काळं पडलेलं आणि वास आंबलेल्या मोहफुलांसारखा.

सलग तीन पावसाळे माझं असंच झालं. आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, आर्वीच्या बाजूला. कपाशीची काळी कसदार जमीन. बचत गटात विषय काढला तेव्हा कळलं की निम्म्या घरी हाच अनुभव आहे. कारणही सगळ्यांचं एकच ठरलेलं: "आपल्याकडं ऊन लय, अननस कोकणातच होते." हे मला पटेना. शेंडा सडतो तो श्रावण-भादव्यात. तेव्हा कुठलं आलं ऊन?

उत्तर माहेरी सापडलं. माझं माहेर गोंदिया जिल्ह्यात, नवेगावबांधकडे. चौथ्या वर्षी एकाच गाडीवरून दोन अननस घेतले. एक शेंडा नेहमीसारखा इथे लावला, दुसरा राखीला जाताना पिशवीत टाकून वहिनीसाठी नेला. ती धानाच्या रोवण्याच्या गडबडीत होती. शेंडा आठवडाभर ओसरीच्या कठड्यावर तसाच पडून राहिला आणि मग तिने तो घरामागच्या मुरमाच्या ढिगाऱ्याला खोचून दिला. पाणी घातलं नाही, खतही नाही. दिवाळीला गेले तेव्हा त्याच्या मध्यातून नवी पोपटी पानं निघाली होती. माझा शेंडा तोवर मातीत मिसळला होता.

फरक तीन होते: तिचा शेंडा सुकला होता, माती वेगळी होती, आणि कुणी पाणी पाजलं नव्हतं. यातलं खरं कारण कोणतं हे कळायला हवं म्हणून पुढच्या वर्षी तीन शेंडे घेतले. पहिला आठ दिवस सुकवून काळ्या मातीत लावला. दुसरा ताजाच, रसाळ देठासकट, मुरमाच्या कुंडीत. तिसरा सुकवून मुरमाच्या कुंडीत. ताजा लावलेला महिन्याच्या आत सडला, मुरूम असूनही. सुकवून काळ्या मातीत लावलेला जगला, पण दोन-तीन महिन्यांत पिवळा पडत गेला. तिसरा मात्र सुरेख वाढला. म्हणजे आपल्याकडे अननसाचे रोग दोन आहेत आणि आपण ते एकच समजतो. सडणं वेगळं, पिवळं पडून खुरटणं वेगळं. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केला की झाड जातंच.

आधी पाहा, सड कुठून सुरू झाली

शेंडा उपटून बघायला लाजू नका. गेलेल्या शेंड्याकडूनच पुढचा कसा जगवायचा ते कळतं.

बूड काळं, मऊ, आंबूस वासाचं आणि वरची पानं अजून हिरवी असतील तर सड खालून आली. कापलेल्या किंवा मुरगळलेल्या ओल्या जखमेतून बुरशी शिरते. देठाला चिकटलेला गोड गर हे तिचं आवडतं खाद्य, त्यामुळे जितका गर ठेवाल तितकी सड लवकर येते. मी तर "गर राहिला तर त्याला ताकद मिळेल" म्हणून मुद्दाम दोन बोटं गर ठेवायची. नेमकं उलटं करत होते.

बूड ठीक आहे, पण मधली कोवळी पानं धरून ओढली की सुळकन निघून येतात, त्यांचं खालचं टोक पांढरट-तपकिरी, लिबलिबीत आणि घाण वासाचं आहे, तर सड पोग्यातून, म्हणजे मधल्या पानांच्या गाभ्यातून आली. ही वेगळी बुरशी, पाणथळ मातीतली. पावसाच्या थेंबांबरोबर उडालेली माती पोग्यात पडली, किंवा मुळाशी पाणी तुंबून राहिलं, की ती लागते. आणि चुनखडीच्या, अल्कधर्मी मातीत तिला जास्त फावतं. आपली काळी जमीन तशीच: पावसात फुगते, भेगा बुजतात आणि पाणी दिवसेंदिवस धरून ठेवते. कपाशीला तो गुण आहे, अननसाच्या मुळाला ते बुडणंच.

अननसाचं मूळ घर दक्षिण अमेरिकेत, पाराग्वे आणि दक्षिण ब्राझीलच्या भागात. पोर्तुगीजांनी तो १६व्या शतकात भारतात आणला. अननस हे नावही तिकडच्या आदिवासी भाषेतून पोर्तुगीजांमार्फत आपल्याकडे आलं. त्याला लागते ती हलकी, पाण्याचा लगेच निचरा होणारी आणि आंबट माती, म्हणजे सामू (पीएच; आकडा जितका कमी तितकी माती आंबट) साधारण ४.५ ते ६.५. कोकणातली, गोव्यातली, केरळातली जांभ्याची माती तशी आहे म्हणून तो तिथे सहज येतो. आपल्याकडच्या काळ्या मातीचा सामू बऱ्याच ठिकाणी ८ च्या घरात जातो. त्यामुळे "कोकणातच होते" हे म्हणणं अर्धं बरोबर आहे. कारण मात्र उन्हापेक्षा जास्त मातीत आहे, आणि माती घमेल्याने बदलता येते.

शेंडा तयार करणं, हेच खरं काम

अननस घेतानाच शेंडा बघून घ्या. मधली पानं ताजी, हिरवी हवीत. फार दिवस बर्फात किंवा शीतगृहात राहिलेल्या फळाचा शेंडा वरून बरा दिसतो, पण मधला कोंब तपकिरी पडलेला असतो. तो कधीच फुटत नाही, त्यात माया वाया घालवू नका.

सुरीने कापण्यापेक्षा एका हातात फळ आणि दुसऱ्या हातात शेंडा धरून पिळा. पिकलेल्या फळाचा शेंडा छोट्या देठासकट निघतो. त्याला गर चिकटला असेल तर पूर्ण खरवडून काढा. मग खालची बारकी पानं एकेक करून सोलत जा, साधारण एक इंच देठ उघडा होईपर्यंत. तिथे तपकिरी बारीक टिपके दिसतील. तीच मुळं, आधीच तयार होऊन वाट बघत बसलेली. कधी कधी तर पानाखाली देठाला वेढा घातलेली धाग्यासारखी मुळं सापडतात. बाहेरून मूळ आणायचं नाही, फक्त आहे त्याला कुजू द्यायचं नाही.

आता त्याला उलटा टांगा किंवा कठड्यावर आडवा ठेवा, सावलीत, वारा लागेल असा. उघडीप असेल तर पाच-सहा दिवस, झडीचे दिवस असतील तर आठ-दहा. देठ खडखडीत सुकून त्यावर बुचासारखी साल धरली पाहिजे. पानांची टोकं थोडी वाळतील, घाबरू नका. माझ्या सासूबाई रोज म्हणायच्या, "पाणी दे वं माय, वाळून राह्यलं ते." शेंड्याच्या पानांत पुरेसं पाणी असतं, तो महिनाभरही असा राहू शकतो. हे आपल्या मनाला पटवणं फार कठीण जातं, कारण आपल्याला रोप म्हटलं की पाणी हाच संस्कार आहे.

ग्लासात पाणी घालून मुळं फोडण्याची पद्धतही आहे. ती चालते, पण आमच्या बोअरच्या जड पाण्यात माझे दोन शेंडे त्यात चिकट होऊन गेले. सुकवून थेट कुंडीत लावणं मला जास्त भरवशाचं वाटतं.

कुंडीसाठी रंगाची रिकामी २० लिटरची बादली उत्तम. बुडाला आणि बाजूला खालच्या अंगाला बोटाएवढी आठ-दहा भोकं पाडा. भरायला: दोन भाग लालसर बारीक मुरूम, एक भाग जाड रेती, एक भाग पूर्ण कुजलेला पालापाचोळा. काळी माती चिमूटभरही नको. कच्चं शेणखतही नको, ते तापतं आणि बुरशीही घेऊन येतं. आणि एक सवय हात जोडून सोडायला सांगते: मुंग्या येऊ नयेत म्हणून आपण कुंडीत चुलीची राखोडी टाकतो. राख म्हणजे क्षार. वांग्याला चालेल, अननसाला नाही.

शेंडा दोन इंच खोल बसवा, भोवतीची माती बोटांनी दाबा. पोग्यात माती जाता कामा नये. त्या दिवशी एकदा थोडं पाणी, मग आठवडाभर नाही. पावसाळ्यात बादली पागोळ्यांखाली ठेवू नका, ओसरीच्या कडेला ठेवा. दीड महिन्याने हलकेच ओढून पाहा. मातीने धरून ठेवलंय असं वाटलं तर मूळ फुटलं. खरी खूण मात्र मध्यातून येणारं नवं पोपटी पान.

जगला, पण पिवळा पडत चाललाय

ही तक्रार सगळ्यात जास्त फसवते, कारण आपण लगेच खत वाढवतो. आधी कोणतं पान पिवळं आहे ते पाहा. जुनी, खालची पानं फिकी असतील तर नत्र कमी आहे. नवी, मधली पानं पिवळी-पांढरट आणि जुनी हिरवी असतील, तर लोह कमी पडतंय. संत्र्याच्या बागा असलेल्यांना हे चित्र ओळखीचं आहे, चुनखडीच्या जमिनीत संत्र्याची नवी पालवी अशीच पिवळी होते. मातीत लोह असतंच, पण चुन्यामुळे ते असं बांधलं जातं की मुळाला उचलता येत नाही.

तुमच्या मातीत चुना आहे का, हे घरी कळतं. वाळलेलं ढेकूळ घ्या, त्यावर लिंबू पिळा. बारीक फेस आला, कानाजवळ नेल्यावर चुरचुर ऐकू आली, की चुनखडी आहे. अशा मातीत थोडं गंधक घालून किंवा ताक ओतून काही साधत नाही, चुना इतका असतो की सगळं पचवतो. माती बदलणं हाच मार्ग.

माती बदलली तरी पाणी तेच असतं, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. तिसरा शेंडा, तो सुरेख वाढलेला, पुढच्या उन्हाळ्यात पिवळा पडायला लागला. मुरूम चांगला होता. पण वर्षभर मी बोअरचं पाणी घालत होते आणि बादलीच्या काठावर पांढरा थर जमला होता, माठाच्या बाहेर बसतो तसा. चुना मी रोज तांब्याने ओतत होते. आता पावसाळ्यात पत्र्याचं पाणी ड्रममध्ये धरून झाकून ठेवते आणि ते फक्त अननसाला. त्याला लागतंच किती, आठवड्याला एक-दीड लिटर. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्यात, अकोला-अमरावती-बुलढाण्याकडे, विहिरीचं पाणी खारं आहे तिथे तर पावसाच्या पाण्याशिवाय याच्या वाटेला जाऊच नये.

पिवळा पडलेला परत हिरवा करायला हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट. पावसाच्या एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम, त्यात अर्धं लिंबू पिळा, म्हणजे लोह गंजून खाली बसणार नाही. लगेच वापरायचं, ठेवायचं नाही. संध्याकाळी पानांवर फवारा, पंधरा दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा. फरशीवर पडलं तर डाग जात नाही. अननस पानांच्या बेचक्यातून अन्न-पाणी घेतो, म्हणून मातीत घालण्यापेक्षा पानावरची फवारणी लवकर लागू पडते. हवाई बेटांवर शंभर वर्षांपूर्वी हीच अडचण होती, तिथल्या मँगनीजच्या मातीत अननस पिवळा पडायचा आणि तो हिराकशीच्या फवाऱ्यानेच सुधारला. नत्रासाठी लिटरला १० ग्रॅम युरिया, महिन्यातून एकदा, तोही पावसाळा आणि हिवाळ्यातच. जास्त घातला की टोकं जळतात.

पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं आणि मुंग्यांची रांग असली तर तो पिठ्या ढेकूण. कपाशीवर पाहिलेला असतोच. मुंग्या त्याला एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात, म्हणून आधी मुंग्यांची वाट तोडा: बादली विटांवर ठेवा आणि विटा पाण्याच्या परातीत. ढेकूण ओल्या फडक्याने पुसून निंबोळी तेल आणि साबणाचं पाणी फवारा. दुर्लक्ष केलं तर पानं लालसर होऊन टोकं खाली वळतात आणि झाड मान टाकतं.

चैत्र ते मृग

इथे ऊन खरंच आडवं येतं. अननसाला २२ ते ३२ अंश मानवतं, आपल्याकडे पारा ४५ ओलांडतो. तरी तो कोरड्याला टिकतो, कारण त्याच्या पानांची छिद्रं दिवसा बंद आणि रात्री उघडी असतात. दुपारी तो श्वास धरून बसतो. शेताच्या धुऱ्यावरची घायपात याच रीतीने उन्हाळा काढते, जरी दोघांचं कूळ वेगळं आहे. पानावर पांढरे-पिवळे कोरडे चट्टे पडले तर ती उन्हाची भाजणी. एप्रिलच्या सुरुवातीला बादली कडुनिंबाखाली किंवा हिरव्या जाळीखाली हलवा, पश्चिमेच्या भिंतीजवळ अजिबात नको, ती रात्रीपर्यंत धग सोडते. मातीवर बोटभर जाडीचं कुटार किंवा तणस पसरा. पाणी सूर्य उगवायच्या आत किंवा रात्री. दुपारी पोग्यात पाणी राहिलं की ते तापून कोंब शिजतो. नवतप्याचे, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाचे नऊ दिवस मी बादली ओसरीतच आणून ठेवते. मृग बरसला की परत उघड्यावर.

तीन वर्षं झाली, फळ का नाही

बहुतेकदा उत्तर एवढंच असतं की झाड अजून लहान आहे. शेंड्यापासून केलेल्या झाडाला आपल्या हवेत दोन-अडीच वर्षं लागतात. पानं मोजा. ३५ ते ४० जोमदार पानं झाल्याशिवाय फळाची आशा धरू नका. तेवढी आहेत आणि तरी हालचाल नाही, तर झाडाला इशारा द्यावा लागतो. हा इशारा इथिलीन वायूचा. धुरातही तो असतो. अझोर्स बेटांवर काचेच्या घरात धूर करून अननसाला फुलवण्याची पद्धत १९व्या शतकापासून आहे. केरळातले शेतकरी त्यासाठी इथेफॉन या इथिलीन सोडणाऱ्या औषधाचं अगदी पातळ द्रावण, २५ पीपीएम (दहा लाख भागांत २५ भाग), झाडाला ५० मिली या मापाने पोग्यात ओततात. एका-दोन झाडांसाठी इतकं बारीक मोजमाप घरी करू नये. कॅल्शियम कार्बाइड तर घरात आणूच नका, पोरंबाळं असतात.

घरचा उपाय सफरचंदाचा. पोग्यातलं पाणी काढून टाका, झाडाच्या बुडाशी दोन पूर्ण पिकलेली सफरचंदं ठेवा, वरून मोठी प्लास्टिकची पिशवी घालून बादलीला बांधा. आठ-दहा दिवस, गडद सावलीत. उन्हात पिशवीखाली झाड उकडून मरेल. सफरचंद कुजायला लागलं तर बदला. दोन-अडीच महिन्यांत मधली पानं लालसर होऊन आत लाल बोंड दिसतं. माझ्या दोन झाडांपैकी एकाला लगेच साधलं, दुसऱ्याला पुढच्या वर्षी परत करावं लागलं. त्याची पानं तिशीच्या आतच होती, घाई माझी.

हे कधी करायचं, यात खरी मेख आहे. आपोआप फूल यायचं ते हिवाळ्याच्या लहान दिवसांनी आणि थंड रात्रींनी. तसं आलं तर फळ नेमकं मे-जूनच्या भट्टीत भरतं आणि एका बाजूने भाजून निघतं. पोळ्याच्या सुमारास सफरचंद लावलं तर दिवाळीच्या आगेमागे बोंड दिसतं आणि नवतप्याच्या आधी फळ हाती येतं. आपोआप आलेल्या फळाला फेकून द्यायचं कारण नाही, झाडाचीच लांब पानं वर ओढून फळावर बांधा, वर तणसाची टोपी घाला. पुढे पिकायला लागलं की गोणपाट हवंच, कारण वास आला की माकडं येतात आणि ती पिकायची वाट बघत नाहीत.

आपणही घाई करू नये. तोडलेला अननस आंब्यासारखा अढीत गोड होत नाही. रंग बदलतो, मऊ होतो, गोडी जेवढी झाडावर भरली तेवढीच राहते. बुडाकडचा अर्धा भाग पिवळा झाला, जवळ गेल्यावर वास आला, की मगच काढा.

एका झाडाला फळ एकच. त्यानंतर आई थकते, पण बुंध्यातून दोन-तीन फुटवे निघतात, कधी फळाच्या खालच्या देठालाही छोटी पिल्लं येतात. लागवडीला शेंड्यापेक्षा हे फुटवे सरस, दीड वर्षाच्या आत फळावर येतात. एक जोमदार फुटवा बादलीतच ठेवा, बाकीचे वीतभर झाले की मुरगळून काढा आणि तेच सगळं परत: खालची पानं सोला, आठ दिवस सावलीत सुकवा, मुरमात लावा. माझ्याकडचे दोन फुटवे सध्या ओसरीच्या दांडीला उलटे टांगलेले आहेत. एक शेजारच्या काकूंना द्यायचा आहे, पण त्यांच्या अंगणात काळीच माती आहे, म्हणून आधी त्यांची बादली मुरमाने भरून झाली की मगच देणार आहे.